आधी बिंदूंचा तक्ता, मग सॉफ्टवेअर

प्रश्न: सर, नमस्कार. माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय. पुण्याजवळच्या एका कंपनीत ब्रेक आणि फ्युएल ट्यूबच्या डिझाइनला सात वर्षं होते. सगळं काम कॅटिया व्ही-५ या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर. वडिलांना अर्धांगाचा झटका आला म्हणून सोलापूरला परत आले आणि चिंचोळी एमआयडीसीत ट्यूब बेंडिंगच्या एका युनिटमध्ये लागले. इथं सॉलिडवर्क्स हे दुसरं सॉफ्टवेअर आहे. पार्टीकडे, म्हणजे ऑर्डर देणाऱ्या कंपनीकडे, कॅटिया, त्यामुळे आम्हाला स्टेप फाइल (कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी सामायिक फाइल) येते. माझा हात चालत नाही. जे काम तासाभरात व्हायचं त्याला दिवस जातो. नुकताच पॉलिटेक्निकमधून आलेला मुलगा माझ्यापेक्षा भरभर मॉडेल करतो. त्यात परवा मी काढून दिलेल्या बेंड डेटावर वाकवलेली ट्यूब फिक्स्चरमध्ये (आकार तपासायच्या साच्यात) बसलीच नाही, आरशात दिसावी तशी उलटी निघाली. मालक ओरडले नाहीत, पण त्यांचा चेहरा मला कळतो. कॅटिया आणि सॉलिडवर्क्स एकाच कंपनीचे ना, मग इतका त्रास का? मालकांना कॅटिया घ्यायला सांगू, पुण्याला क्लास लावू, की पुन्हा पुण्यातलीच नोकरी बघू?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर:

ताई, नमस्कार.

वडिलांना लवकर आराम पडो. अर्धांगानंतरचे सुरुवातीचे महिने घरच्या माणसांचा फार कस बघतात. तुम्ही रात्री नीट झोपत नसाल आणि दिवसा नव्या सॉफ्टवेअरशी झगडत असाल, तर हात न चालण्यातला थोडा भाग त्या थकव्याचाही आहे. सगळा दोष स्वतःच्या अकलेला देऊ नका.

तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधीच देतो. मालकांना कॅटिया घ्यायला आत्ता सांगू नका. क्लास लावू नका. आणि पुण्याला जायचं की नाही हे या एका कारणावरून ठरवू नका. पण या सगळ्याच्या आधी उलटी निघालेली ट्यूब बघायला हवी. तिचं कारण हाती लागलं नाही, तर हाच प्रकार पुन्हा होईल, आणि पुढच्या वेळी तो एका ट्यूबवर न थांबता पूर्ण लॉटवर जाईल.

आरशातली ट्यूब निघते ती बहुतेक वेळा बेंड डेटातल्या रोटेशनच्या चिन्हामुळे. तुम्हाला हे माहीत आहे, पण सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. बेंडिंग मशीनला एक्स-वाय-झेड बिंदू थेट कळत नाहीत. त्याला तीन गोष्टी लागतात: ट्यूब किती पुढे सरकवायची, स्वतःभोवती किती फिरवायची आणि किती अंश वाकवायची. शॉपमध्ये याला वाय-बी-सी डेटा म्हणतात, काही ठिकाणी एल-आर-ए म्हणतात. यातला बी म्हणजे फिरवणं. अधिक ९० म्हणजे घड्याळाच्या दिशेनं की उलट, आणि ते ट्यूबच्या कुठल्या टोकाकडून बघून, हे प्रत्येक मशीनच्या कंट्रोलमध्ये वेगळं ठरलेलं असू शकतं. तुमच्या जुन्या कंपनीत कॅटियाचं मॉडेल, एक्सेलची मॅक्रो (आपोआप हिशेब करणारा छोटा प्रोग्रॅम) आणि मशीन ही साखळी कोणीतरी पूर्वीच जुळवून ठेवलेली होती. तुम्ही बिंदू घालायचात, बरोबर डेटा निघायचा. त्या साखळीत चिन्ह नेमकं कुठं ठरत होतं, ते बघायची वेळ तुमच्यावर कधी आली नसणार. इथं तुम्ही डेटा हातानं काढलात, म्हणून ती गाठ आता तुमच्या समोर आली.

इथं अनुभवी माणसंही फसतात असा एक मुद्दा आहे. ट्यूब उलटी निघाली की ऑपरेटर म्हणतो, मॅडम, तुम्ही दुसऱ्या टोकापासून डेटा दिलाय. हे कारण टिकत नाही. ट्यूब या टोकापासून वाचा की त्या टोकापासून, बेंडचा क्रम उलटा होतो, सरळ भागांच्या लांब्यांचा क्रम उलटा होतो, पण प्रत्येक रोटेशनचं चिन्ह तेच राहतं. उजवा पीळ असलेला दोर कुठल्याही टोकाकडून धरला तरी उजव्या पिळाचाच असतो, तसं. म्हणजे टोक बदलल्यानं ट्यूब आरशातली होणार नाही. चिन्हच चुकलेलं असणार, किंवा पार्टीनं डाव्या बाजूच्या ट्यूबची फाइल उजव्या बाजूच्या पार्ट नंबरखाली पाठवलेली असणार. दुसरी शक्यता आधी तपासा. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे. निर्यातीच्या गाड्यांत बऱ्याच वेळा डावीकडे. त्या दोन प्रकारांच्या ब्रेक ट्यूबच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी पडलेल्या असतात.

आता करायचं काय? एक चाचणीची ट्यूब कायमची ठरवून टाका. माझी सूचना अशी: बाहेरचा व्यास ८ मिमी, सेंटरलाइनची (ट्यूबच्या मधोमध जाणाऱ्या रेषेची) बेंड त्रिज्या २० मिमी, आणि चार बिंदू. पहिला शून्य-शून्य-शून्य. दुसरा एक्सवर १००, बाकी शून्य. तिसरा एक्स १४०, वाय ६९.२८, झेड शून्य. चौथा एक्स १४०, वाय ६९.२८, झेड ६०. यात पहिला बेंड ६० अंशांचा, दुसरा ९० अंशांचा, आणि दोघांच्या मध्ये ९० अंशांचं रोटेशन. पहिला सरळ भाग ८८.४५, मधला ४८.४५, शेवटचा ४० मिमी. बेंडच्या कमानी २०.९४ आणि ३१.४२. एकूण सेंटरलाइन २२९.२७ मिमी. सॉफ्टवेअर कुठलंही असो, मॅक्रो कोणाचीही असो, हे आकडे यायलाच पाहिजेत. तुमच्या डायची (ज्याच्याभोवती ट्यूब वाकते त्या साच्याची) त्रिज्या वेगळी असेल तर तेवढी बदलून आकडे पुन्हा काढा. बेंडमध्ये खर्च होणारी टँजंट लांबी म्हणजे त्रिज्या गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन, आणि कमान म्हणजे पाय (३.१४१६) गुणिले त्रिज्या गुणिले कोन भागिले १८०. याच्यापलीकडे काही लागत नाही.

हे बिंदू मी विचार करून निवडलेत. सगळे बेंड ९० चे ठेवले तर एक मोठी चूक लपून राहते. काही प्रोग्रॅम वाकवण्याचा कोन देतात, काही दोन सरळ भागांमधला आतला कोन देतात. ९० ला दोन्ही ९० च येतात, कळतच नाही. ६० अंशांच्या बेंडला आतला कोन १२० दिसतो, तिथं चूक लगेच उघडी पडते. तसंच सगळे बेंड एकाच प्रतलात ठेवले तर आरशातली ट्यूब पालथी करून फिक्स्चरमध्ये बसते, म्हणजे चिन्हाची चूक सापडत नाही. चौथा बिंदू झेडमध्ये वर नेला आहे तो त्यासाठी. ही ट्यूब मशीनवर वाकवा, पहिला सरळ भाग टेबलावर एक्सच्या दिशेनं धरा, मधला भाग वायकडे वळू द्या. शेवटचं टोक वर गेलं तर चिन्ह बरोबर, टेबलाच्या खाली जात असेल तर चूक. हे एकदा झालं की ‘आपल्या मशीनवर अधिक म्हणजे ही दिशा’ असं ठळक अक्षरात लिहून कंट्रोलच्या शेजारी चिकटवून ठेवा. पुढच्या माणसाला पुन्हा शोधायला लागू नये.

डेटा काढायची एक्सेल शीट स्वतः बनवा. लागोपाठच्या बिंदूंमधून दिशा काढायच्या, दोन दिशांच्या डॉट गुणाकारातून बेंडचा कोन, क्रॉस गुणाकारातून बेंडचं प्रतल, आणि लागोपाठच्या दोन प्रतलांमधून रोटेशन. हे डिप्लोमाच्या गणितातलंच आहे. जुन्या कंपनीची मॅक्रो तुमच्याकडे पेन ड्राइव्हवर असेल, तर ती वापरू नका. ती त्यांची मालमत्ता आहे, शिवाय तिच्या आत चिन्ह कुठं उलटतं ते तुम्हाला ठाऊक नाही. स्वतः लिहिलेल्या शीटवर तुमचा भरवसा वेगळा असेल, आणि मालक पुढं कधी विचारतील तेव्हा तुम्ही प्रत्येक रकाना समजावून सांगू शकाल.

आता तुमचा आणखी एक प्रश्न, एकाच कंपनीचे असून इतका त्रास का. कॅटिया आणि सॉलिडवर्क्स दोन्ही आज फ्रान्सच्या दासो सिस्टीम्सचे, हे खरं. पण सॉलिडवर्क्स तिथं जन्मलं नाही. ते १९९५ मध्ये अमेरिकेतल्या वेगळ्या कंपनीनं बाजारात आणलं आणि १९९७ मध्ये दासोनं ती कंपनी विकत घेतली. आतलं भूमितीचं इंजिन, ज्याला कर्नल म्हणतात, ते दोघांचं वेगळं राहिलं. सॉलिडवर्क्समध्ये पॅरासॉलिड आहे, आणि गंमत म्हणजे ते सीमेन्सचं आहे. सीमेन्सचं एनएक्स हे डिझाइन सॉफ्टवेअरही त्याच पॅरासॉलिडवर चालतं. म्हणून एनएक्समधून पॅरासॉलिडची फाइल सॉलिडवर्क्समध्ये आणली तर भूमिती बहुधा जशीच्या तशी येते. कॅटियातून येताना भाषांतर होतं, कारण कॅटियाचं इंजिन दासोचं स्वतःचं. दोन इंजिनांचा नेमकेपणाही वेगळा: कॅटिया व्ही-५ मध्ये दोन बिंदू ०.००१ मिमीच्या आत असले की एकच धरले जातात, पॅरासॉलिड त्याच्यापेक्षा शंभरपट बारीक बघतं. कॅटियात बंद दिसणारा जोड सॉलिडवर्क्सला कधी कधी उघडा दिसतो तो यामुळे. ट्यूबसारख्या साध्या आकारात हे क्वचितच नडतं, फ्लेअर (ट्यूबचं फुलवलेलं टोक) आणि ब्रॅकेटच्या वेल्डजवळ मात्र नडू शकतं.

काही लायसन्सवर सॉलिडवर्क्स कॅटियाची फाइल थेटही उघडतं. पण थेट उघडा किंवा स्टेपमधून आणा, एक गोष्ट येत नाही: मॉडेल कसं बनलं त्याचा इतिहास. पॉलिलाइन (बिंदू जोडणारी तुटक सरळ रेषांची साखळी), तिच्यावरची त्रिज्या, त्यावरून फिरवलेलं वर्तुळ, हे सगळं गळून जातं आणि एक मुका गोळा हातात येतो. तुमचा दिवस इथंच जात असणार. तुम्ही त्या गोळ्याला बघून ट्यूब पुन्हा चितारत बसता.

तसं करू नका. गोळा मुका असला तरी ट्यूबच्या बाबतीत तो सगळं सांगून जातो. सरळ भाग म्हणजे सिलिंडर, बेंड म्हणजे टोरस, वड्याच्या कड्यासारख्या आकाराचा तुकडा. सॉलिडवर्क्समध्ये सिलिंडरच्या पृष्ठभागावरून रेफरन्स अक्ष काढता येतो. प्रत्येक सरळ भागाचा अक्ष काढा, शेजारचे दोन अक्ष जिथं छेदतात तो तुमचा बिंदू. दोन्ही टोकांचे बिंदू शेवटच्या वर्तुळांच्या केंद्रांवर. टोरसचं माप घेतलं की सेंटरलाइनची त्रिज्या मिळते. झाला तुमचा तक्ता. आणि शेजारचे अक्ष एकमेकांना छेदतच नसतील, थोड्या अंतरानं एकमेकांवरून जात असतील, तर सावध व्हा. पार्टीच्या डिझायनरनं मूळ मार्ग स्प्लाइननं, म्हणजे सतत वळत जाणाऱ्या मुक्त वक्रानं, काढलेला असण्याची शक्यता मोठी. रबरी होजला स्प्लाइन चालते. धातूच्या ट्यूबला चालत नाही, कारण डायला एकच ठराविक त्रिज्या असते आणि डायवर वाकवणाऱ्या मशीनला सरळ रेषा आणि कमान याशिवाय दुसरं काही वाकवता येत नाही. अशी फाइल आली की स्वतः जवळपासचा मार्ग काढून वाकवायला देऊ नका. रेषा आणि कमानीत बसवलेला तुमचा तक्ता पार्टीला पाठवा, त्यांची लेखी मंजुरी घ्या, मगच पुढं.

याहून सोपा मार्गही आहे. पार्टीला दोन ओळींचा मेल टाका: स्टेप फाइल एपी २१४ किंवा एपी २४२ (स्टेपचेच दोन प्रकार) मध्ये पाठवावी, आणि निर्यात करताना सेंटरलाइन लपवलेली नसावी. कॅटियात लपवलेली गोष्ट स्टेपमध्ये सहसा जात नाही, आणि डिझायनर सेंटरलाइन सवयीनं लपवतात. तुमच्या बाजूनं सॉलिडवर्क्सच्या इम्पोर्टच्या सेटिंगमध्ये मोकळ्या रेषा आणि बिंदू आणायचा पर्याय चालू ठेवा, नाहीतर त्यांनी पाठवलेली सेंटरलाइन तुमच्यापर्यंत येणारच नाही. आयजीईएस ही देवाणघेवाणीची जुनी फाइल मात्र शक्यतो घेऊ नका. तिच्यात टोरसचा साधा पृष्ठभाग कधी कधी नुसता वेडावाकडा पृष्ठभाग होऊन येतो आणि मग त्रिज्या मोजता येत नाही.

गाडीचे कोऑर्डिनेट (गाडीच्या ठरलेल्या शून्यबिंदूपासून मोजलेले आकडे) तसेच ठेवा. आलेली ट्यूब शून्यावर ओढून आणण्याचा मोह होतो, कारण हजारांतले आकडे बघायला जड वाटतात. पण फिक्स्चर गाडीच्या कोऑर्डिनेटवर बनतं, पार्टीचा क्वालिटीवाला त्याच आकड्यांत बोलतो. तुमच्या सोयीसाठी पार्टमध्ये दुसरी कोऑर्डिनेट सिस्टीम घाला आणि बेंड डेटा तिच्यातून काढा. आणि हो, सॉलिडवर्क्समध्ये नव्या पार्टला वाय वर असतो, तुम्हाला कॅटियात झेड वर बघायची सवय. दृश्य बदलून घ्या, मॉडेल फिरवू नका.

मॉडेल स्वतः नव्यानं करायचं असेल तेव्हा कॅटियातून आलेल्या माणसाला सॉलिडवर्क्समध्ये एक खड्डा हमखास लागतो. कॅटियात एक्सेलमधून बिंदू आणायचे, पॉलिलाइन टाकायची, प्रत्येक कोपऱ्याला त्रिज्या द्यायची, अशी तुमची सवय. सॉलिडवर्क्समध्ये तशीच शोधाशोध केली की एक्स-वाय-झेड बिंदूंमधून वक्र काढायची कमांड सापडते आणि आनंद होतो. ती कमांड सरळ रेषा काढत नाही. ती सगळ्या बिंदूंमधून एक गुळगुळीत स्प्लाइन नेते. पडद्यावर ट्यूबसारखंच दिसतं, मशीनवर मात्र त्याचा काही उपयोग नाही. तुम्हाला हवं ते थ्रीडी स्केचमध्ये आहे: सरळ रेषा काढा, टोकांना आकडे द्या, कोपऱ्यांना स्केच फिलेट (गोलाई) द्या, मग स्वीपमध्ये (मार्गावरून आकार फिरवणाऱ्या कमांडमध्ये) गोल प्रोफाइलचा पर्याय निवडून पातळ भिंत द्या. वेगळ्या प्रतलावर वर्तुळ काढत बसायची गरज नाही. रूटिंगचं (नळ्यांचे मार्ग काढण्याचं) वेगळं मॉड्यूल तुमच्या लायसन्समध्ये असेल तर ते नंतर शिका. ते कनेक्टर आणि फिटिंगची लायब्ररी लावल्याशिवाय कामाला येत नाही, आणि ती लावायला निवांत दिवस लागतात.

एक फरक मात्र मनात पक्का करून घ्या. कॅटियाच्या जिओमेट्रिकल सेटमध्ये (रेषा-बिंदू ठेवायच्या कप्प्यात) घटक कुठल्या क्रमानं ठेवलेत याला फारसं महत्त्व नसतं. कोण कोणावर अवलंबून आहे एवढंच तो बघतो. सॉलिडवर्क्सच्या झाडात (मॉडेलच्या पायऱ्यांच्या यादीत) क्रमच सर्व काही. वरचं काही बदललं की खालचं पुन्हा बनतं, आणि तुम्ही एखाद्या कडेला किंवा पृष्ठभागाला संदर्भ धरला असेल तर तो तुटतो. म्हणून ब्रॅकेट, क्लिप, नट यांचे संदर्भ ट्यूबच्या पृष्ठभागावर देऊ नका, सेंटरलाइनच्या स्केचवर द्या. पार्टी मार्ग बदलते तेव्हा, आणि ती बदलतेच, तुम्हाला बिंदू बदलावे लागतील, मॉडेल नव्यानं नाही.

माउसचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण हात न चालण्यात त्याचा वाटा मोठा असतो. कॅटियात मधलं बटण ओढलं की दृश्य सरकतं, सॉलिडवर्क्समध्ये फिरतं. दिवसभरात हे शेकडो वेळा चुकतं आणि माणसाला वाटतं आपल्याला काहीच येत नाही. यावर उपाय एकच, काही आठवडे कॅटिया अजिबात उघडू नका. घरी जुनी प्रत पडली असेल तरी. बोटं एका वेळी एकच सवय धरतात.

आता त्या मुलाबद्दल. तो भरभर मॉडेल करतो याचं वाईट वाटून घेऊ नका. रोज अर्धा तास त्याच्या शेजारी बसा आणि मोकळेपणानं विचारा, हे तू कसं केलंस. क्लासमध्ये जे शिकवतील ते तो तुम्हाला तुमच्याच फाइलवर दाखवेल. क्लासमध्ये गिअर, पुली आणि खुर्ची करायला लावतात. तुमच्या ट्यूबचा तिथं कोणी विचारही करत नाही. त्या पैशांत आणि वेळेत वडिलांच्या फिजिओथेरपीची सोय होईल.

आणि त्याच्याकडे नसलेलं तुमच्याकडे काय आहे ते बघा. दोन बेंडच्या मध्ये सहा मिमी सरळ भाग ठेवून तो सुंदर मॉडेल देईल. तुम्ही ते बघताक्षणी म्हणाल की इथं क्लॅम्पला पकडायला जागाच नाही. साधारण व्यासाच्या दीडपट-दुप्पट सरळ भाग तरी हवा, हे तुमच्या अंगात मुरलेलं आहे. एका ट्यूबवर तीन वेगळ्या त्रिज्या दिल्या तर तीन डाय लागतील आणि सेटिंगमध्येच शिफ्ट जाईल, हे तुम्हाला सांगावं लागत नाही. त्रिज्या फार आवळली की बेंडच्या बाहेरची भिंत पातळ होते, आत सुरकुत्या पडतात, मग मँड्रेल (ट्यूबच्या आत घालायचा आधार) आणि वायपर डायचा (सुरकुत्या रोखणाऱ्या साच्याचा) खर्च येतो. ब्रेक ट्यूबला फ्लेअर मारायचा तर टोकाशी सरळ लांबी सोडायला लागते आणि नट आधी ओवून घ्यायला लागतो, नाहीतर नंतर तो बेंडवरून जात नाही. स्प्रिंगबॅक (वाकवून सोडल्यावर ट्यूब थोडी परत उघडते तो फरक) मॉडेलमध्ये घालायचा नसतो, मशीनवर घालायचा असतो. बेंडमध्ये ट्यूब थोडी ताणली जाते, म्हणून कापायची लांबी गणितातल्या लांबीपेक्षा जरा कमी लागते, आणि ती किती हे पहिल्या काही नगांवरच ठरतं. हे सात वर्षांचं ज्ञान कॅटियाच्या फाइलमध्ये साठवलेलं नव्हतं. ते तुमच्याबरोबर सोलापूरला आलं आहे.

म्हणून माझं ठाम मत असं की तुमच्या कामाचा मूळ दस्तऐवज मॉडेल नसावा, तक्ता असावा. प्रत्येक पार्ट नंबरसाठी एक पान: बिंदू, बाहेरचा व्यास, भिंतीची जाडी, सेंटरलाइनची त्रिज्या, एकूण लांबी, बेंड डेटा, टोकांचा प्रकार, पार्टीच्या फाइलचं रिव्हिजन आणि तारीख. कॅटिया, सॉलिडवर्क्स, क्रिओ, एनएक्स, यांतलं काहीही समोर आलं तरी या पानावरून तुम्ही ट्यूब उभी करू शकाल. उद्या मालकांनी सॉलिडवर्क्स सोडून आणखी काही घेतलं तरी तुमची धावपळ होणार नाही. आजवरच्या चालू पार्ट नंबरांची अशी पानं करायला घ्या, जास्त चालणाऱ्या पार्टपासून.

मालकांशी बोलायचं ते याबद्दल बोला. त्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधत बसू नका. परवाची ट्यूब, चाचणीची ट्यूब आणि तुमची शीट घेऊन केबिनमध्ये जा. उलटी का निघाली, पुन्हा का निघणार नाही, हे पाच मिनिटांत दाखवा. सोबत एवढंच मागा: नवीन पार्ट नंबरचा पहिला नग फिक्स्चरमध्ये बसल्याशिवाय दुसरा नग वाकवायचा नाही, असा नियम त्यांच्या तोंडून शॉपवर जाऊ दे. आणि आठवड्यातून थोडा वेळ तुम्हाला बेंडिंग मशीनवर उभं राहू द्यावं. पुण्यातल्या मोठ्या कंपनीत डिझाइन वरच्या मजल्यावर आणि मशीन खाली असते. इथं ते दार ओलांडलं की पलीकडे आहे. चूक दुपारी केली तर संध्याकाळपर्यंत हातात येते. ही सोय तुम्हाला तिकडे मिळाली नसती.

कॅटिया घेण्याची वेळ कधी येते तेही सांगतो, म्हणजे मालकांनी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर असेल. पार्टी आज तुम्हाला तयार मार्ग देते, तुम्ही बनवून देता. यात स्टेप पुरते. उद्या पार्टी म्हणाली की इंजिनच्या खोलीत जागा शोधून मार्ग तुम्हीच ठरवा, आणि मॉडेल आमच्या कॅटियात, आमच्या नियमांप्रमाणे परत द्या, तर मग कॅटियाशिवाय गत्यंतर नाही. शेजारच्या शेकडो भागांसकट ती खोली उघडायची आणि दर आठवड्याच्या बदलाबरोबर मार्ग हलवायचा, हे स्टेपच्या देवाणघेवाणीत होत नाही. तशी ऑर्डर येत असेल तर लायसन्सचा खर्च कोटेशनमध्ये धरायला सांगा. आणि त्या दिवशी या युनिटमध्ये कॅटिया येणारी व्यक्ती तुम्ही असाल.

राहिला पुण्याचा प्रश्न. वडिलांजवळ कोणी थांबायला असेल, पगारात मोठा फरक असेल, तर जाण्यात काही गैर नाही. फक्त ‘मला सॉलिडवर्क्स जमलं नाही’ म्हणून जाऊ नका. सोलापुरात राहून मोटारीचं काम लहानच राहतं असंही मानू नका. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही इथलीच कंपनी, १९९२ ची, आणि परदेशातल्या मोटार कंपन्यांनाही कॅमशाफ्ट पुरवते. तुमचं युनिट लहान आहे, पण लहान युनिटमध्ये ट्यूबचा सगळा प्रवास एका माणसाच्या नजरेखालून जातो, कॉइल सरळ करण्यापासून पॅकिंगपर्यंत.

पुढं कधी मुलाखतीला गेलातच, तर बायोडेटात पहिल्या ओळीला सॉफ्टवेअरचं नाव घालू नका. ‘ब्रेक आणि फ्युएल ट्यूब डिझाइन, बेंड डेटा, फिक्स्चर आणि पहिल्या नगाची मंजुरी’ असं लिहा. कॅटिया आणि सॉलिडवर्क्स त्याखाली, एकाच ओळीत. मुलाखतीत कोणी विचारलं की तुम्हाला आमचं सॉफ्टवेअर येतं का, तर आपला चार बिंदूंचा तक्ता काढून द्या आणि त्यांच्याकडच्या बाईला किंवा भाऊला म्हणा, हा तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून लांबी सांगा, मी कागदावर काढते.